प्रतिवादी क्रमांक दोन

१

शिवमूर्ती मुन्शींनी दाखल केलेला कागद कोर्टानं कधी परत केला नव्हता. लातूरच्या सगळ्या वकिलांना हे ठाऊक होतं, कारण मुन्शी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला ते सांगतच. निलंग्याकडचा हा माणूस तेहतीस वर्षं वकिलांची कारकुनी करत आला होता. डोक्यावर पांढरी टोपी, कानामागे पेन्सिल, आणि कागदावरचं कोर्ट-फीचं तिकीट जरा तिरकं लागलं तरी जेवण गोड न लागणारा स्वभाव. लातूर वेगळा जिल्हा झाला तसे ते देविदास सोनकांबळे वकिलांबरोबर उस्मानाबाद सोडून इथं आले. नव्या जिल्ह्याला चौथं वर्ष लागलं होतं, तरी कोर्टात अजून सामान कालच उतरवल्यासारखं वाटायचं. उस्मानाबादहून आलेल्या जुन्या मिसलींचे, म्हणजे खटल्यांच्या फायलींचे, गठ्ठे व्हरांड्यातच पडून होते. त्यांच्या शेजारी पाण्याचा रांजण होता, आणि तो होळीपासून कोरडा होता.

एप्रिलमधल्या त्या शुक्रवारी धुरपताबाईच्या अपिलाचा लेखी युक्तिवाद दाखल करायचा होता. सोमवारी पेशी, म्हणजे सुनावणी. जिल्हा न्यायाधीश नवे आणि कडक. शुक्रवारी पाचच्या आत युक्तिवाद हवा, आणि प्रत्येक प्रतिवादीला नक्कल दिल्याची नोंद हवी, नाहीतर कागद घेणार नाही, असं त्यांनी भर कोर्टात बजावलं होतं.

धुरपताबाई रेणापूरच्या पलीकडची. तिचा नवरा सटवाजी बहात्तरच्या दुष्काळात एका सकाळी घरातून गेला तो गेलाच. सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर कायदा त्याला मेला समजतो. इथं चौदा झाली होती. कोर्टानं तेवढं म्हटलं की सटवाजीची साडेचार एकर जमीन बाईच्या नावावर होणार होती. पण तिचा दीर ग्यानोबा म्हणायचा, भाऊ जिवंत आहे, विष्णुपुरीला धरणाच्या कामावर लोकांनी बघितलाय, आणि तो येईपर्यंत जमीन मी कसणार. खालच्या कोर्टात तो जिंकला. त्याच्या वकिलानं बाईला एकच प्रश्न विचारला होता: नवरा मेला म्हणता, मग कपाळावर कुंकू कुणाच्या नावाचं? बाई गप्प राहिली, आणि ती गप्प राहिल्याचं निकालपत्रात आलं. आता इथं हरली तर शेताच्या कडेची तिची एक खोलीही जाणार होती. रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या त्या बाईला दुसरा थारा नव्हता.

त्या दिवशी ती अंगठा द्यायला आली ती मोकळ्या कपाळानं. वकीलसाहेबांनीच तसं सांगितलं होतं. इतक्या वर्षांच्या कुंकवाखालची कातडी फिकी पडली होती. मुन्शींनी तिच्या तोंडाकडं न बघता कागदावरची जागा दाखवली.

"काय लिवलंय ते वाचून दावा की," ती म्हणाली.

मुन्शींनी शेवटची ओळ वाचली. सटवाजी मयत आहे असं ठरवून मिळावं, अशी विनंती होती.

"हे मी म्हनलं असं व्हतंय का?"

"तुमच्या वतीनं वकील म्हणतात."

"पर अंगठा माझा."

"हाव," मुन्शी म्हणाले. "अंगठा तुमचाच."

तिनं अंगठा दिला आणि बराच वेळ तो लुगड्याला पुसत राहिली.

२

या प्रकरणात एक गंमत होती, आणि मुन्शी ती गंमत म्हणूनच सांगायचे. भाऊ जिवंत आहे तर त्यालाही पक्षकार करा, असा हट्ट धरून ग्यानोबानं खालच्या कोर्टात सटवाजीचं नाव घालायला लावलं होतं. ते नाव अपिलातही तसंच आलं. प्रतिवादी एक, ग्यानोबा. प्रतिवादी दोन, सटवाजी, गैरहजर. ज्याला मेलेला ठरवायचं त्याच्याच विरुद्ध अपील, आणि तो मेला आहे हे सांगणाऱ्या कागदाची नक्कल त्यालाच द्यायची.

बाकीचे मुन्शी अशा वेळी 'पुकारले, कोणी आले नाही' असं बसल्या जागी लिहून मोकळे होत. शिवमूर्ती मुन्शींना ते जमायचं नाही. न केलेला पुकारा केला म्हणून लिहायचा? शिवशिव! ते गैरहजर माणसाची नक्कल कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर ठेवत, तिच्यावर 'नक्कल पावली' लिहिलेली चिठ्ठी, आणि वर दगड. मग तीनदा नाव पुकारून दोन तास वाट बघत. चार वाजता नक्कल उचलायची आणि मगच कोणी आलं नाही म्हणून लिहायचं. लोक हसत. बसवंत पट्टेवाला तर विचारायचाच, "मुन्शीजी, आज कोनाला आवतन दिलंव?"

त्या दिवशीही दोन वाजता त्यांनी व्हरांड्यात उभं राहून आवाज दिला. "सटवाजी वल्द रामकिशन! नक्कल घ्यायला हजर व्हा!" ऊन असं होतं की आवारात कुत्रं नव्हतं. तिसऱ्या पुकाऱ्याला लिंबाखाली झोपलेला एक म्हातारा उठून बसला, फाटकाकडं बघितलं आणि पुन्हा आडवा झाला. मुन्शी आत जाऊन शिक्के मारत बसले.

चार वाजता ते बाहेर आले तर नक्कल नव्हती. बावीस पानांची, दोऱ्यानं टाचलेली नक्कल; वारा असता तरी उडाली नसती, आणि वारा तर नव्हताच. दगड जागच्या जागी होता. त्याच्याखाली चिठ्ठी होती, चारी कोपरे हातानं सरळ करून ठेवलेली. 'नक्कल पावली'च्या खाली अंगठा उठला होता. तो शाईचा नव्हता. पिवळसर, बारीक गाळाचा होता, आणि ओला होता.

मुन्शींनी बाकाला हात लावला. बाकाचं एक टोक, माणूस बसेल एवढं, भिजलेलं होतं. त्यांना आधी आला तो राग. टँकर तीन दिवसांनी येतो, आणि इथं पाणी सांडतंय कोण?

३

"ग्यानोबाचा डाव आहे," चिठ्ठी बघताच वकीलसाहेब म्हणाले. सोनकांबळे वकील चाळिशीचे, कमी बोलणारे, आणि घाबरायच्या आधी विचार करणारे. "भाऊ जिवंत आहे हे त्याला दाखवायचंय. मग आपल्याच कागदावर भावाचा अंगठा उठवला की काम झालं. ही चिठ्ठी आपण जोडली तर बाई गेली. ज्यानं नक्कल घेतली तो मेलेला कसा?"

"चिखल कुठनं आणला साहेब त्यानं?"

"आणला असेल कुठून तरी."

"आख्ख्या जिल्ह्यात प्यायला पाणी न्हाई. चिखल कुठनं आणल?"

वकिलांनी घड्याळ बघितलं. साडेचार होत आले होते. "मुन्शीजी, कोणी आलं नाही असं लिहा."

"पण कोणीतरी आलतं."

"तुम्ही सटवाजीला बघितलं का?"

"न्हाई."

"मग झालं. सोमवारी ती बाई रस्त्यावर यायला नको, एवढंच बघा."

मुन्शींनी लिहिलं, 'पुकारले, कोणी आले नाही', खाली सही केली आणि पाचला दहा मिनिटं असताना युक्तिवाद दाखल केला. काउंटरवरच्या कारकुनानं पानं मोजली, शिक्का मारला, पोच दिली. आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं, आणि कागद रोजच्यासारखाच बिनतक्रार गेला. याचंच मुन्शींना जास्त वाईट वाटलं.

चिठ्ठी त्यांनी फाडली नाही. सदऱ्याच्या खिशात घातली. घरी गेल्यावर पार्वतीबाई, त्यांची बायको, म्हणाल्या, "अवो, खिसा कशानं भिजलाय?" त्यांनी सदरा दोरीवर टाकला. सकाळी नऊच्या उन्हात बाकी सदरा कडकडीत वाळला होता आणि खिशातून अजून पाणी गळत होतं.

४

शनिवारी मुन्शींनी अर्ज देऊन मूळ मिसल बघायला मागितली. त्यात दोघा भावांचं अडुसष्ट सालचं वाटणीपत्र होतं आणि त्यावर सटवाजीचा अंगठा. कडबा तोडताना विळा लागून डाव्या अंगठ्यावर वण पडला होता. तो ठशात खालून वर, तिरका, स्वच्छ उठला होता. मुन्शींनी चिठ्ठी शेजारी धरली. वण तोच होता. वरच्या टोकाला त्याला फुटलेला बारीक फाटासुद्धा तोच.

सवयीनं त्यांनी मनात मुद्दे मांडले. मुद्दा एक: सटवाजी जिवंत आहे. तसं असेल तर तो बायकोला न भेटता बावीस पानं घेऊन का गेला? मुद्दा दोन: हे ग्यानोबाचं काम आहे. तसं असेल तर चिखलात हा वण त्यानं कसा उठवला? तिसरा मुद्दा त्यांनी मांडायचं टाळलं आणि मिसल परत केली.

दुपारी ते वकिलांच्या ऑफिसात एकटेच होते. गल्लीतली एक खोली, दाराला जाड पडदा, पडद्याबाहेर पक्षकारांना बसायला पायरी. मुन्शी सोमवारच्या पेशीची फाईल लावत होते. बाहेर कोणीतरी येऊन टेकलं. पक्षकार आला असेल म्हणून ते म्हणाले, "साहेब चार वाजता येतील. बसा." थोड्या वेळानं पान उलटल्याचा आवाज आला.

मग दुसरं पान. फार सावकाश, प्रत्येक पानावर सारखाच वेळ घेत. मुन्शी मोजायला लागले, आपण का मोजतोय हे न कळता. बाविसाव्या पानाला आवाज थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. वाचणारा माणूस असं वाचत नाही. अक्षर न येणारा माणूस कागदाकडं असं बघतो, एक एक पान, कोणीतरी येऊन वाचून दाखवेल म्हणून. सटवाजी अंगठेबहाद्दर होता, हे मुन्शींना तेव्हा आठवलं.

उठून पडदा सारायचा, एवढंच करायचं होतं. ते त्यांच्यानं झालं नाही. पडद्याखालून पाण्याची एक बारीक धार आत आली, फरशीच्या सांध्यातून वळत वळत टेबलाच्या पायाशी आली. तिला जुन्या, खोल विहिरीचा वास होता. साठीला आलेल्या मुन्शींनी चपला सोडून दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि तसेच बसून राहिले.

"अवो मुन्शीजी!" समोरच्या घरातून केवळाबाई ओरडली. "पानी वाया चाललंय की सगळं! कोन सांडून राहिलंय?"

पानांचा आवाज बंद झाला. मुन्शींनी पडदा सारला तेव्हा पायरी ओली होती आणि केवळाबाई घागर घेऊन गल्लीत उभी होती. "कोण बसलं होतं इथं?" त्यांनी विचारलं. तिनं पायरीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं, आणि म्हणाली, "मला तर कोनी दिसलं न्हाई." पण घागर तशीच रिकामी घेऊन ती घरात गेली.

५

रविवार मुन्शींनी देवघरात काढला. सोमवारी दहा वाजताच ते कोर्टात गेले आणि लिंबाखाली तंबाखू मळत बसलेल्या ग्यानोबापुढं उभे राहिले. ग्यानोबा भरल्या अंगाचा, पटका बांधणारा, मोठ्यानं हसणारा माणूस. त्याच्या तोंडावर सोंग दिसलं की आपण सुटलो, असा मुन्शींचा हिशोब होता. डाव उघडा पडला तर भीती कशाची?

"तुमचे बंधू आलते शुक्रवारी," ते म्हणाले. "नक्कल घेऊन गेले."

भाऊ जिवंत आहे असं या माणसानं दोन कोर्टांत शपथेवर सांगितलं होतं. ही बातमी त्याच्या फायद्याची होती. तिच्यावर त्यानं आवारभर नाचायला हवं होतं.

"कसं येतील?" ग्यानोबा पटकन म्हणाला. "ते येऊच शकत न्हाईत."

बोलून गेल्यावर त्याला कळलं. हातातली तंबाखू खाली सांडली. "म्हंजी," तो म्हणाला, "लई लांब हाईत ते. विष्णुपुरीला. कसं येतील?"

मुन्शींना आता काही विचारायचंच नव्हतं. "अंगठा दिलाय," एवढंच ते म्हणाले, "चिखलाचा. विहिरीतल्या पिवळ्या गाळाचा."

ग्यानोबा बसल्या जागी मागं सरकला, पाठ लिंबाला लागेपर्यंत. मग त्यानं विचारलं ते फार हळू विचारलं. "आज बी येनार हाईत का?"

६

अपिलाचा नंबर साडेबाराला लागला. धुरपताबाई सगळ्यांत मागच्या बाकावर, दाराजवळ बसली होती. बसवंतनं दारात उभं राहून पुकारा केला. अपीलकर्ती हजर. ग्यानोबा हजर.

"सटवाजी वल्द रामकिशन हाजिर हाय का?"

न्यायाधीश कागद चाळत होते. पंख्याचा आवाज येत होता. वकीलसाहेबांनी मागं वळूनही बघितलं नाही. हा पुकारा म्हणजे नुसता रिवाज होता. बसवंतनं दुसऱ्यांदा नाव घेतलं. मुन्शींनी टेबलाची कड धरून ठेवली आणि मनात म्हणाले, आता तिसऱ्यांदा नको घेऊस, बाबा.

तिसऱ्या पुकाऱ्याला बसवंत दारातून बाजूला झाला. आत येणाऱ्या माणसाला वाट द्यावी तसा, सहज. आपण का बाजूला झालो हे त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. त्याच वेळी मागच्या बाकावर धुरपताबाईनं पदर ओढला. डोक्यावरून खाली, भुवयांच्याही खाली, कपाळ मुळीच दिसू नये असा. मग ती उठल्यासारखी झाली आणि बाकावर सरकून बसली. तिच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी झाली.

"कोणी आलं का?" न्यायाधीशांनी विचारलं.

बसवंतनं इकडं तिकडं बघितलं. "कोनी न्हाई साहेब."

ग्यानोबाचा वकील बोलायला उठला, पण त्याच्या आधीच ग्यानोबा हात जोडून उभा होता. तो मागं बघत नव्हता. मान वळू नये म्हणून त्यानं ती दाबून धरल्यासारखी दिसत होती. "मला काई म्हनायचं न्हाई," तो म्हणाला. "जमीन तिला देऊन टाका. मेलेत ते. मीच सांगतो, मेलेत." त्याचा वकील त्याची बाही ओढत होता. न्यायाधीशांनी त्याला बसायला सांगितलं, पण तो बसला नाही. मागचं दार टाळून कारकुनांच्या दारानं, जवळजवळ पळतच, निघून गेला.

पुढचं सगळं वीस मिनिटांत झालं. न्यायाधीशांनी तिथल्या तिथं निकाल सांगितला. चौदा वर्षांत ज्याची काही खबर नाही तो सटवाजी मयत आहे असं धरण्यात येतं, जमीन पत्नीच्या नावे व्हावी. वकीलसाहेबांनी वाकून आभार मानले आणि बाहेर पडताना मुन्शींच्या पाठीवर थाप मारली. असं ते कधी करत नसत. कोर्ट जेवणासाठी उठलं. बसवंत पंखा बंद करून गेला.

धुरपताबाई उठली नाही.

मुन्शी तिच्याजवळ गेले. "बाई, जिंकलाव तुम्ही," ते म्हणाले. "खोली राहिली, जमीन राहिली. चला आता."

"हळू बोला," पदराच्या आतून ती म्हणाली. "ह्यांना निकालातलं काय बी कळलं न्हाई. मघाधरनं माझ्याकडं बघून राहिलेत."

तिच्या शेजारची फळी ओली होती. फळीवर बावीस पानांची नक्कल पडली होती, पाण्यानं फुगलेली, कोपरे नीट जुळवलेली.

"तुम्ही सांगा त्यांना," ती म्हणाली. "मी कोन्या तोंडानं सांगू? मीच अंगठा दिलाय त्याच्यावर. चौदा वर्सांत त्यांना कोनी एक कागद धाडला न्हाई, मुन्शीजी. मी बी न्हाई, त्यांच्या भावानं बी न्हाई. तुम्ही धाडलाव. नाव घेऊन बोलावलंव. म्हून आले."

मुन्शींना पळायचं होतं. शनिवारी पाय वर घेऊन बसलो तसंच आताही करावं, असं त्यांना खरंच वाटलं. पण शनिवारची ती पानं त्यांच्या कानातून गेली नव्हती. बिचारा तीन दिवस कागद घेऊन बसला होता, आणि कोर्टाच्या आवारात शेकडो माणसांना कागद वाचून दाखवणाऱ्या मुन्शींनी त्याला एक ओळ वाचून दाखवली नव्हती. भीतीपेक्षा ती लाज मोठी निघाली. ते बाकाच्या या बाजूला टेकले. मधली जागा तशीच सोडली.

"सटवाजीराव," ते म्हणाले. "निकाल लागला. अपील मंजूर झालं."

फळी जराशी कुरकुरली. माणूस बोलणाऱ्याकडं वळतो तेव्हा कुरकुरते तेवढीच. त्या भर उन्हाळ्याच्या दुपारी मुन्शींच्या डाव्या दंडाला गारवा लागला. त्यांनी नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीवरून हलवली नाही.

मग अगदी जवळून आवाज आला. दिवसभर कोर्टात ताटकळलेले पक्षकार संध्याकाळी मुन्शींना जे विचारतात तेच, तितक्याच दमलेल्या, तितक्याच अजीजीच्या आवाजात.

"मंग जावं का आता घरला?"

मुन्शींनी धुरपताबाईकडं बघितलं. पदराआड ती नाही म्हणून मान हलवत होती, थांबतच नव्हती, आणि रडत होती. उत्तर मात्र मुन्शींनाच द्यायचं होतं.